हजेरीकार्डावरचे आडनाव

गिरण्या पाडून झाल्या. आता गिरण्यांचा इतिहास जपला पाहिजे, अशी भाषा सुरू झाली आहे. भाषा चांगली आहे. तिला विरोध करण्याचे मला काही कारण नाही. पण इतिहास जपायचा म्हणजे नेमके काय जपायचे, कोणाचे जपायचे आणि ते ठरवायचे कोणी, हे प्रश्न त्या भाषेत येत नाहीत. चिमणी जपायची, भोंगा जपायचा, चाळीचा जिना जपायचा, एवढ्यावर ती थांबते. ती जेथे थांबते तेथून पुढे काही म्हणावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मी भोरला एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. घर वेल्ह्याकडचे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. मुंबईत मी कधी राहिलेलो नाही. मग गिरणगावाविषयी बोलण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच की गिरणी परळला होती, पण गिरणीतल्या माणसाचे अर्धे आयुष्य आमच्याकडे होते. त्याची बायको येथे खाचरात चिखल तुडवीत होती. त्याची मुले येथल्या शाळेत जात होती किंवा जात नव्हती. त्याची मनिऑर्डर येथे येत होती. आणि गिरणी मेली तेव्हा तो मरायला येथेच परत आला.

आमच्या भागात इतिहास म्हटला की किल्ला. तोरणा, राजगड, रोहिडा. २०२४ साली राज्य शासनाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. त्यात वावगे काही नाही. पण मी विद्यार्थ्यांना घरातली एखादी ऐतिहासिक वस्तू आणायला सांगतो तेव्हा ते गडावर सापडलेले खापर आणतात, आणि आज्याची पत्र्याची ट्रंक माळ्यावर तशीच राहते. त्या ट्रंकेत इतिहास आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. मलाही कोणी सांगितलेले नव्हते.

१

आधी काय पाडले गेले ते पाहू. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली, आणि दोन वर्षांनी ताडदेवला त्या गिरणीचे चाक फिरू लागले. पुढची सव्वाशे वर्षे मुंबई या चाकावर उभी होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कोणी मागे घेतला नाही. तो विरून गेला आणि त्याच्याबरोबर माणसेही विरून गेली. नंतरची लढाई कापडाची राहिली नाही, ती जमिनीची झाली. सुमारे ६०० एकर जमीन, तीही मुंबईच्या पोटात. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक शहराच्या मोकळ्या जागेसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि एक मालकाला. २००१ साली नियमात बदल झाला. वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जागेची करायची असे ठरले, आणि शहराच्या व कामगारांच्या हाती उरले ते चतकोर. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या बदलावर शिक्कामोर्तब केले. १९०५ साली उभ्या राहिलेल्या फिनिक्स मिलच्या जागी बाजारपेठ आली. तिची चिमणी मात्र राखली आहे. लोक तिच्याखाली उभे राहून छायाचित्रे काढतात.

चिमणी राखली हे मला प्रतीक म्हणून फार बोलके वाटते. गिरणीच्या इमारतीत जात नसलेला भाग एकच, तो म्हणजे चिमणी. तिच्यातून निघणारा धूर कोणत्या खात्याचा, हे ओळखता येत नाही. खाली मात्र प्रत्येक खात्याला दार होते, आणि कोणत्या दाराने कोणी जायचे हे ठरलेले होते.

२

गिरणी कामगारावर मराठीत थोडे लिहिले गेलेले नाही. नारायण सुर्वे गिरणगावातच वाढले, गिरणी कामगाराने त्यांना वाढवले. १९६६ च्या 'माझे विद्यापीठ'पर्यंत येता येता कामगार हा मराठी कवितेचा पाहुणा राहिला नाही, घरधनी झाला. हे ऋण कोणाही प्रामाणिक समीक्षकाने मान्य केले पाहिजे. सुर्व्यांचा माणूस जन्माने ओळखला जात नाही, श्रमाने ओळखला जातो. हे त्या कवितेचे बळ आहे. पण ज्या गिरणीतून ती कविता आली तेथे माणूस आधी जन्माने ओळखला जात होता आणि मग त्याला श्रम वाटून दिले जात होते. कवीने उद्याचा माणूस पाहिला. समीक्षकांनी तो कालचाच समजला. येथे चूक कवीची नाही, आमच्या वाचनाची आहे.

जयंत पवारांचे 'अधांतर' हे नाटक १९९७ साली आले. संपानंतर कोसळलेल्या एका कामगार कुटुंबाची ती कहाणी. चाळीतल्या एका खोलीत सारा संप कोंडून दाखवण्याची ताकद त्या नाटकात आहे. ती नाकारण्याचा करंटेपणा मी करणार नाही. परंतु संपाने जी घरे मोडली ती सगळी एकसारखी नव्हती. काही घरांना मागे गावी जमिनीचा तुकडा होता. काही घरांना गावकुसाबाहेरची वस्ती होती. गावी परत जाणे हे दोघांच्या वाट्याला आले, पण परत जाण्याचा अर्थ दोघांना वेगळा होता. एक घरी गेला. दुसरा ज्या जागेतून पळून आला होता तेथे पुन्हा नेऊन टाकला गेला.

मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ साली गिरणगावचा मौखिक इतिहास प्रसिद्ध केला. कामगारांना, कार्यकर्त्यांना, बायकांना त्यांनी बोलते केले. पुढे हे काम मराठीतही आले. माझ्या मते गिरणगावाविषयी झालेले हे सर्वांत मोलाचे काम होय. जातीचा प्रश्न त्यांनी टाळलेला नाही. पण शंभर आवाजांत जात हा एक विषय होतो. माझे म्हणणे असे की जात हा गिरणीतला एक विषय नव्हता. ती गिरणीची बांधणी होती. प्रकरण आणि पाया यांत जे अंतर असते, तेच येथे आहे.

हे सारे दुसऱ्यांविषयी झाले. आपल्याविषयी काय? दलित साहित्याने गावकूस लिहिले, झोपडपट्टी लिहिली, 'गोलपिठा'तली रात्र लिहिली. 'बलुतं'मधला बाप सुक्या गोदीत काम करतो. पण गिरणीचे खाते आपल्या साहित्यात फारसे उतरलेले नाही. बाप गिरणीत होता, एवढ्या एका वाक्यावर आपली कितीतरी आत्मकथने पुढे सरकतात. बाप कोणत्या खात्यात होता? त्या खात्यात का होता? शेजारच्या खात्यात का नव्हता? हे आपणही विचारले नाही. प्रस्थापितांना दोष देताना आपला हा हिशेबही मांडला पाहिजे.

३

गिरणीत विणाईचे खाते हे पगाराच्या दृष्टीने चांगले खाते. तेथे कामगाराची कमाई सूतखात्यापेक्षा जास्त. या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोटा. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचे. ते काढायचे तोंडाने, ओठ लावून श्वासाने ओढून. एकच धोटा अनेकांच्या ओठांना लागणार. महाराचा ओठ लागलेला धोटा मराठ्याने ओठाला कसा लावायचा? एवढ्या एका कारणाने हजारो माणसांच्या पोटावर दीडदोन पिढ्या पाय राहिला.

ओठाने धागा ओढण्याची ही रीत मुंबईची नव्हे. ती यंत्रांबरोबर इंग्लंडातून आली. तेथेही हा धोटा बदनाम होता, पण वेगळ्या कारणाने. एकाचा रोग दुसऱ्याला होतो, दात किडतात, छातीत कापसाची धूळ जाते, म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ साली असल्या धोट्यावर कायद्याने बंदी घातली. लँकेशायरमध्ये त्याला १९५२ साल उजाडावे लागले. म्हणजे पाहा, तेथे धोट्यामुळे रोग होतो म्हणून धोटा हलवण्याचा विचार झाला. येथे धोट्यामुळे बाट होतो म्हणून माणूस हलवला गेला. यंत्र आले, त्याच्याबरोबर समता येईल असे ज्यांना वाटत होते त्यांनी या धोट्याकडे पाहावे. आम्ही यंत्रालाही सोवळे नेसवले.

१९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. दीड लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. गिरणी कामगार युनियन याच संपाच्या धामधुमीत जन्मली. त्या वेळी बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांसमोर एक साधी गोष्ट ठेवली: सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क तुमच्या मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या लोकांनी संपात का राहावे? पुढाऱ्यांनी नाखुषीने ती मागणी घातली. मागण्या मालकांपुढे गेल्या तेव्हा मालकांनी या मागणीवर हात झटकले. हा अन्याय असेल, पण तो आम्ही केलेला नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. आणि दुर्दैवाने मालक अर्धे खरे बोलत होते. दारावर पहारा मालकाचा नव्हता. पहारा शेजारी उभ्या असलेल्या कामगाराचा होता. जॉबर त्याच्या गावचा, जातीचा, भावकीचा माणूस भरती करी. मालकाला कापड मिळाले की झाले. उरलेला अर्धा खोटेपणा असा की कामगार विभागलेला राहण्यात मालकाचा फायदाच होता, आणि तो त्याने पुरेपूर घेतला.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन्ही शत्रू एकाच भाषणात सांगितले. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्ष कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून संपात उतरला. म्हणजे एकजुटीचे वावडे आम्हाला नव्हते. एकजूट कोणाच्या पाठीवर उभी राहणार, एवढाच आमचा प्रश्न होता.

आमचे डावे मित्र येथे म्हणतील, जुनी भांडणे उकरून काय मिळणार? कामगार म्हणून आधीच माणूस संपला, त्यात पुन्हा त्याची जात कशाला काढता? मी त्यांना १९७४ च्या जानेवारीची आठवण देईन. वरळीच्या बीडीडी चाळींत जे घडले ते कोणा-कोणांत घडले? एकाच गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या, एकाच रस्त्याने कामावर जाणाऱ्या माणसांच्या वस्त्या एकमेकींवर दगड टाकीत होत्या. १० जानेवारीला परळच्या मोर्चात भागवत जाधव दगडाने मारला गेला. वर्गाची एकजूट त्या दगडाला अडवू शकली नाही, कारण खात्याची भिंत एकजुटीने कधी पाडलीच नव्हती. ती फक्त झाकली होती. झाकलेली भिंत इतिहासात पुन्हा झाकायची असेल तर असा इतिहास न जपलेला बरा.

४

आता ट्रंकेकडे येतो.

माझा आजा १९६१ साली मुंबईला गेला. भाताची चार खाचरे दुसऱ्याची, वरकसावर नाचणी-वरई तीही दुसऱ्याची. महारकीचे वतन कायद्याने संपले होते. बाबासाहेबांनी १९२८ सालीच त्या वतनाविरुद्ध कायदेमंडळात बिल आणले होते, त्यामुळे ते गेल्याचे दुःख आमच्या वस्तीला नव्हते. पण वतन गेले तरी गावाचे हक्क सांगणे गेले नव्हते. तो परळकडच्या एका गिरणीत लागला. संप झाला, तो वर्षभर वाट पाहत राहिला, आणि १९८३ साली ट्रंक घेऊन परत आला. माझा बाप तेव्हा एकविशीत होता. आज्याच्या जागी त्याला चिकटवायचे असे ठरले होते. ती जागाच राहिली नाही. बापाने उरलेला जन्म मजुरीत काढला.

आजा रिंगखात्यात होता, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. वस्तीतले आणखी तिघेचौघे गिरणीत होते, तेही रिंगखात्यातच. गिरणी कामगारांना घरे मिळणार, १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो कामावर होता त्याला अर्ज करता येईल, असे कळले तेव्हा मी आज्याची ट्रंक उघडली. कागद होते. हजेरीकार्ड होते, तिकीट नंबर होता, विम्याचे कार्ड होते. आणि प्रत्येक कागदावर आज्याचे नाव बरोबर होते, बापाचे नाव बरोबर होते. आडनाव आमचे नव्हते. ते आमच्या गावातल्या मराठ्यांचे आडनाव होते. खात्याच्या जागी विणाई असे लिहिले होते.

आजा ओट्यावर बसला होता. मी विचारले, "आजा, हे काय?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तवा तसा कायदा न्हवता, आमाला घेऊ नका असा. पर जागा बी न्हवती. आडनावाला जागा व्हती."

मग हळूहळू काही दिवसांत त्याने सांगितले. गावच्या मंडळींचा गाळा होता तिकडे तो कधी फिरकला नाही, त्यांना आपले खाते कळू नये म्हणून. वस्तीतल्या मंडळींकडेही तो राहिला नाही, त्यांच्या तोंडून निघू नये म्हणून. वीसेक वर्षे तो दोघांच्या मधे राहिला. मी विचारले, धोट्याला तोंड लावताना काय वाटायचे? माझ्या मनात काहीतरी विद्रोहाचे उत्तर होते. तो म्हणाला, "काय वाटायचं? धूळ जायाची घशात. धोट्याचं भ्या न्हवतं. गावाकडनं कोन गिरनीत लागतंय का, त्याचं भ्या व्हतं."

बाबुराव बागुलांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा १९६३ च्या त्याच नावाच्या संग्रहात आहे. मी ती दर वर्षी वर्गात शिकवतो. रेल्वेच्या नोकरीवर गेलेला शिकलेला तरुण, जात कळताच सहकाऱ्यांच्या हातचा मार. मी ती कथा विद्रोहाचा प्रारंभबिंदू म्हणून शिकवत आलो, स्वाभिमान म्हणून शिकवत आलो. ज्याची चोरी सापडली त्याची ती कथा आहे. ज्याची चोरी कधी सापडलीच नाही त्याची कथा माझ्या घरात ओट्यावर बसली होती, आणि मला ती वाचता आली नव्हती. न सापडलेल्या चोराला मार बसत नाही. त्याला नाव मिळत नाही, एवढेच.

अर्ज परत आला. नावात तफावत, असा शेरा होता. शिधापत्रिकेवर एक आडनाव, गिरणीच्या कागदावर दुसरे. प्रतिज्ञापत्र करा म्हणाले. ते केले. त्यात कारण काय लिहायचे यावर मी आणि बाप रात्रभर बसलो. जात लपवण्यासाठी खोटे आडनाव लावले, असे लिहिले तर आज्याने गुन्हा कबूल केल्यासारखे होते. न लिहिले तर ते आडनाव का लावले याला कारणच उरत नाही. आजा गेला तेव्हा अर्ज तसाच होता. घरांसाठी दीड लाखाच्या आसपास अर्ज आले, २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरे निघाली ६,९२५, आणि २०२० च्या सोडतीत ३,८९४. २०२५ च्या जुलैमध्येही कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात मुंबईतच घर द्या म्हणून उभे होते. तेव्हा आमचे एकट्याचे राहिले असे नाही. पण ज्यांच्या कागदावरचे नाव त्यांचे स्वतःचे आहे, ते निदान रांगेत उभे आहेत.

येथे घराहूनही मोठा प्रश्न आहे. उद्या एखादा अभ्यासक गिरणीची मस्टरे गोळा करील, विणाईखात्यात कोणकोणत्या जातींची माणसे होती याचा तक्ता करील. त्या तक्त्यात माझा आजा मराठा म्हणून मोजला जाईल. कागद अगदी खरा असेल, शिक्क्याचा असेल, आणि तो कागद खोटे बोलत असेल. म्हणून कागद जपा एवढे म्हणून भागत नाही. कागदाजवळ बसून बोलणारे माणूस हवे. ते माणूस आज ऐंशीच्या घरात आहे, आणि ते परळला नाही. ते भोर-वेल्ह्याला, मावळ-मुळशीला, कोकणात, साताऱ्याच्या डोंगरात खाटेवर पडले आहे. चिमणी आणखी पन्नास वर्षे उभी राहील. हे माणूस राहणार नाही.

आणखी एक. आज्याच्या हजेरीकार्डांवरून मी पुन्हा पुन्हा हात फिरवला. जेवढी कार्डे उरली आहेत त्या प्रत्येकावर डिसेंबरात एक खाडा आहे. सहा तारखेचा. ज्याने वीस वर्षे आडनाव चोरले त्याने तो एक दिवस कोणालाही चोरू दिला नाही. पगार कापून घेतला आणि दादरला गेला. खोट्या आडनावाच्या कार्डावर त्याची खरी सही ती आहे. पण ती सही म्हणून वाचायला सहा डिसेंबर काय आहे हे आधी ठाऊक असावे लागते.

५

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचे काम मुंबई महापालिकेने हाती घेतले. अमेरिकेत लॉवेल गावच्या जुन्या कापडगिरण्या १९७८ पासून राष्ट्रीय स्मारक म्हणून जपल्या आहेत. तेथे एका विणाईखात्यात माग चालू ठेवले आहेत, पाहुण्याच्या कानठळ्या बसतात. कामगाराने काय सोसले हे भिंतीवर वाचायला न लावता कानाला सांगायचे, ही रीत घेण्यासारखी आहे. आपल्याकडेही माग ठेवतील, साडी विणून दाखवतील. माझी मागणी एवढीच की त्या मागाशेजारी धोटा ठेवा, आणि त्याच्याखाली तो कोणाच्या ओठाला चालत नव्हता हे लिहा.

पण याहून जवळची जागा एक आहे. चैत्यभूमीला लागून असलेली इंदू मिल, म्हणजे इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६. २०११ च्या सहा डिसेंबरला आंबेडकरी कार्यकर्ते त्या बंद गिरणीत शिरले आणि जागा स्मारकाला द्या म्हणून तेथेच बसले. २०१२ साली केंद्राने ती सुमारे १२ एकर जागा देण्याचे जाहीर केले. ११ ऑक्टोबर २०१५ रोजी भूमिपूजन झाले. गिरणीच्या इमारती पाडल्या गेल्या. तेथे ३५० फुटांच्या पुतळ्याचे स्मारक व्हायचे आहे. मुंबईतल्या पाडलेल्या गिरण्यांपैकी ही एक जागा आपल्या लोकांनी लढून घेतली आहे, आणि येथे काय सांगायचे हे ठरवताना आपला शब्द चालला पाहिजे. पुतळ्याच्या उंचीवर आपण पुष्कळ बोललो. तो पुतळा ज्या जमिनीवर उभा राहणार ती गिरणीची जमीन आहे, आणि त्या माणसाने १९२८ साली गिरणीच्या एका खात्याचे दार उघडा म्हणून संपाच्या पुढाऱ्यांशी वाद घातला होता, या दोन गोष्टी एकत्र ठेवून मात्र आपण बोललो नाही. त्या स्मारकात एक खोली विणाईखात्याची हवी. आपल्या जमिनीवर आपणच आपले कामगार विसरलो तर दुसऱ्यांनी चिमणी का जपली म्हणून रागावण्याचा हक्क आपल्याला राहणार नाही.

ती खोली भरायची कशाने? येथे आपल्याला रीत नव्याने शोधायची नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिताना हेच केले. आंबेडकरी चळवळीतल्या बायका शोधत त्या घरोघर गेल्या, बोलत बसल्या, लिहून घेतले. १९८९ साली ते पुस्तक आले, त्याआधी त्या बायका इतिहासात नव्हत्या. त्याच रीतीने आपल्या भागातली महाविद्यालये हे काम करू शकतात. मी माझ्या वर्गापुरते सुरू केले आहे. गडाचा प्रकल्प बंद केला नाही. त्याच्या जोडीला ट्रंकेचा प्रकल्प ठेवला आहे. मुले घरी जाऊन विचारतात: कोणती गिरणी, कोणते खाते, चिकटवले कोणी, राहायला कोणाबरोबर, जेवायला कोठे, पाणी कोणत्या माठातले, संपात कोणी किती दिवस पोसले, परत आल्यावर गावाने कोणत्या नावाने हाक मारली. आणि आजीला निराळे विचारतात, कारण मनिऑर्डर आली नाही त्या महिन्यात चूल कशी पेटली हे आज्याला माहीत नसते.

एक अडचण सांगतो. मराठा घरातली मुले कागद लगेच आणतात. आपली मुले कचरतात. कोणाच्या कागदावरचे आडनाव वेगळे निघेल याची त्यांना भीती वाटते. गेल्या वर्षी एका मुलीने वही बंद करून विचारले, सर, हे लिहिले तर आज्याला चोर म्हणतील का? मी तिला माझ्या आज्याचे हजेरीकार्ड दाखवले. ती आडनाव वाचत होती. मी तिला तारीख वाचायला सांगितले.